मोटारगाडी नेमकी कोणी शोधली, आणि शेवटी पेट्रोलच का जिंकलं?

प्रश्न असा आहे की मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी माहिती काढायला बसलो तर एका ठिकाणी मोटारीचा शोध कार्ल बेंझने लावला असं लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी हेन्री फोर्डने, तिसरीकडे कुणी फ्रेंच माणूस तेही १७६९ सालचा, मग मुलीला लिहायला काय सांगू, आणि त्या काळात वाफेच्या नि बॅटरीच्या गाड्या चांगल्या चालत होत्या म्हणतात तर मग पेट्रोल कसं काय पुढे गेलं.

मी चाळीसेक वर्षं गॅरेजमध्ये काढली आहेत, त्यातली शेवटची पंधरा-सोळा वर्षं फक्त जुन्या गाड्या नि जुनी इंजिनं परत चालू करण्यात, त्यामुळे मी याचं उत्तर मेकॅनिकच्या बाजूने देतो. थोडक्यात हवं असेल तर बेंझ लिहा, मॅनहाइम, जर्मनी, पेटंटची तारीख २९ जानेवारी १८८६. पण बेंझच का, हे समजून घेतलं तर बाकीची नावं पण आपापल्या जागी बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते १७६९ वालं प्रकरण. निकोला-जोसेफ क्यूनो नावाचा फ्रेंच लष्करातला इंजिनिअर, त्याने तोफा ओढायला वाफेवर चालणारा तीनचाकी गाडा बनवला. पुढच्या एकाच चाकाच्या वर आणि पुढे तो भलामोठा बॉयलर, म्हणजे सगळं वजन पुढे, वळवताना काय हाल होत असतील ते ज्याने ओव्हरलोड रिक्षा चालवलीय त्याला कळेल. वेग माणसाच्या चालण्याएवढा, थोड्या थोड्या वेळाने थांबून परत वाफ धरायची. त्याने १७७० मध्ये बनवलेला मोठा गाडा आजही पॅरिसच्या म्युझियममध्ये ठेवलेला आहे. आपल्या ताकदीने रस्त्यावर चाललेलं वाहन म्हणून क्यूनोचा मान पहिला, यात वाद नाही. पण ती लाइन पुढे रेल्वे इंजिनाकडे गेली, आजच्या मोटारीकडे सरळ आली नाही.

मोटारीची खरी गोष्ट इंजिनाच्या आत जाळण्यापासून सुरू होते. १८६० मध्ये पॅरिसमध्ये लेन्वा नावाच्या माणसाने गॅसवर चालणारं इंजिन विकायला सुरुवात केली, त्यात स्पार्क होता, सिलेंडर होता, पिस्टन होता, पण कॉम्प्रेशन नव्हतं. हवा-गॅसचं मिश्रण आत घ्यायचं आणि न दाबताच पेटवायचं. आपल्याकडे पिस्टनच्या रिंगा झिजून दाब धरेनाशा झालेल्या गाडीचं काय होतं, करंट येतोय, पेट्रोल येतंय, पण गाडी चढ चढत नाही आणि तेल-पेट्रोल नुसतं पिते, तसंच. दाबलं नाही तर धक्का बसत नाही. हे सोडवलं निकोलाउस ओटोने, १८७६ साली, सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट, हे चार स्ट्रोकचं चक्र जे आजही तुमच्या स्कूटीत चालू आहे. (आता बो द रोशा नावाच्या एका फ्रेंच माणसाने १८६२ मध्येच हे चार स्ट्रोक कागदावर मांडले होते आणि त्याच कारणाने ओटोचं पेटंट १८८६ साली रद्द झालं, पण चालतं इंजिन ओटोने दिलं आणि माझ्या लेखी चालतं इंजिन महत्त्वाचं.) ओटोचं इंजिन मात्र कारखान्यात जमिनीला बोल्ट मारून बसवायचं होतं, प्रचंड जड, मिनिटाला जेमतेम दोनशेच्या आसपास फेरे, आणि शहरातल्या गॅसच्या पाइपला जोडलेलं. ते उचलून गाडीवर ठेवता येणार नव्हतं.

इथून दोन वाटा फुटतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही जर्मनीतच, एकमेकांपासून साधारण शंभर किलोमीटरवर.

एक वाट डाइमलर आणि मायबाखची. दोघं ओटोच्याच कारखान्यात कामाला होते, १८८२ मध्ये डाइमलर बाहेर पडला आणि श्टुटगार्टजवळ कानश्टाटला घराच्या बागेतल्या काचेच्या खोलीत त्याने वर्कशॉप टाकलं. रात्रंदिवस ठोकाठोक चालायची, बाहेरच्या कुणाला काही सांगायचे नाहीत, तर माळ्याला वाटलं हे खोटी नाणी पाडतायत, आणि त्याने पोलीस बोलावले अशी गोष्ट सांगतात. त्यांचा सगळा जोर एकाच गोष्टीवर होता, इंजिन हलकं करायचं आणि जोरात फिरवायचं. १८८५ साली त्यांनी ते एका लाकडी दुचाकीवर बसवलं, २६४ सीसी, अर्धा हॉर्सपॉवर, सहाशे आरपीएम. ती जगातली पहिली पेट्रोलची मोटरसायकल धरतात. पेटवायला मात्र स्पार्क नव्हता, सिलेंडरमध्ये एक नळी घुसवलेली आणि तिचं बाहेरचं टोक बर्नरने कायम लाल ठेवायचं, मिश्रण दाबलं की त्या लाल नळीला लागून पेट घ्यायचं. ते बर्नर बरोबर सीटखाली, डाइमलरचा मुलगा ती गाडी घेऊन गेला तर सीट पेटली होती. पुढच्या वर्षी, १८८६ मध्ये, डाइमलरने एक तयार घोडागाडी विकत आणली आणि त्यात इंजिन बसवलं.

दुसरी वाट बेंझची आणि इथे मी जरा थांबणार आहे.

कार्ल बेंझचे वडील रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर, मुलगा दोन वर्षांचा असताना वारले. आईने हाल काढून शिकवलं. १८७१ मध्ये मॅनहाइमला भागीदारीत वर्कशॉप काढलं, भागीदार भरवशाचा निघाला नाही, तेव्हा जिच्याशी लग्न ठरलं होतं त्या बेर्ठा रिंगरने आपल्या हुंड्याचे पैसे लग्नाआधीच मागून घेतले आणि भागीदाराला मोकळं केलं. म्हणजे हे वर्कशॉप तिच्या पैशावर उभं आहे, हे मुलीच्या प्रोजेक्टमध्ये जरूर लिहायला सांगा.

आता त्या १८८६ च्या गाडीकडे मेकॅनिकच्या नजरेने बघा. ९५४ सीसी, एक सिलेंडर, आडवं, पाऊण हॉर्सपॉवर, चारशे आरपीएम, वेग ताशी १६ किलोमीटर. आकडे बघून आज काहीच वाटणार नाही, पण एकेक गोष्ट बघा त्याने कशी लावलीय. पेटवायला बॅटरी, कॉइल आणि स्पार्क प्लग, आणि हे सगळं त्याने स्वतः जमवलं, त्या काळात बाजारात जाऊन प्लग आणता येत नव्हता. पेट्रोलची वाफ करायला एक भांडं, त्यातल्या पेट्रोलवरून हवा जायची आणि वाफ घेऊन सिलेंडरमध्ये शिरायची. कूलिंगला रेडिएटर नाही, सिलेंडरभोवती पाणी, ते उकळायचं, वाफ होऊन जायचं, परत पाणी ओतायचं. ज्यांनी विहिरीवरचं जुनं सिंगल सिलेंडर इंजिन पाहिलंय, ज्याच्या डोक्यावर उघडं पाण्याचं भांडं असतं आणि उन्हाळ्यात त्यातून वाफा निघत असतात, त्यांना हे लगेच डोळ्यासमोर येईल, मी लहानपणी मामाच्या मळ्यात त्यात बादलीने पाणी ओतायचो, तीच पद्धत. मागच्या दोन चाकांना वळताना वेगवेगळ्या वेगाने फिरता यावं म्हणून डिफरन्शियल, तिथून दोन्ही चाकांना चेन.

फ्लायव्हील, म्हणजे इंजिन एकसारखं फिरत राहावं म्हणून लावलेलं जड चाक, त्याने आडवं ठेवलं, जमिनीला समांतर, जेवणाच्या ताटासारखं. कारण त्याला भीती होती की उभं ठेवलं तर फिरणाऱ्या जड चाकामुळे गाडी वळवायला त्रास होईल. पुढे कळलं की एवढी काळजी करायची गरज नव्हती, नंतरच्या गाड्यांत ते उभं झालं. आणि गाडी तीनचाकी का, तर दोन पुढची चाकं एकाच वेळी नीट कशी वळवायची याचं समाधानकारक उत्तर त्याला तेव्हा मिळालं नव्हतं, ते त्याने १८९३ मध्ये पेटंट केलं आणि मग चारचाकी काढली. मला या माणसाचं हेच आवडतं, जे जमत नाही तिथे त्याने जुगाड केला नाही, एक चाक कमी केलं आणि बाकी सगळं नीट चालवून दाखवलं.

डाइमलरने चांगलं इंजिन केलं आणि घोडागाडीत बसवलं. बेंझने इंजिन, चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, चाकं, इग्निशन, कूलिंग, डिफरन्शियल हे सगळं एकमेकांसाठी बनवलं. म्हणून मी बेंझच्या बाजूने.

पण तरीही ती गाडी रस्त्यावर सिद्ध झाली नव्हती. ३ जुलै १८८६ ला मॅनहाइमच्या रिंगरोडवर लोकांसमोर चालवली, पण तीही गावातल्या गावातच, आणि गिऱ्हाईक काही येईना. बेंझ सारखा सुधारणाच करत बसलेला. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्ठाबाईंनी एका सकाळी नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, बरोबर दोन मुलं, पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेराचा रिचर्ड, आणि निघाल्या माहेरी, फोर्त्सहाइमला, शंभरावर किलोमीटर. रस्ते घोडागाडीचे, पेट्रोल पंप हा शब्दच नाही.

आमच्या उस्तादांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की बंद पडलेल्या गाडीत दोनच गोष्टी आधी बघायच्या, पेट्रोल येतंय का आणि करंट येतोय का. बेर्ठाबाईंच्या प्रवासात अगदी याच दोन गोष्टी झाल्या. पेट्रोलची नळी चोकअप झाली, बाईंनी टोपीची लांब पिन काढून ती नळी साफ केली. इग्निशनची वायर उघडी पडून शॉर्ट होत होती, तिथे मोजे बांधायचा इलॅस्टिकचा पट्टा काढून गुंडाळला आणि इन्सुलेशन केलं. आजही रस्त्यात गाडी बंद पडली तर मेकॅनिक याहून वेगळं काही करत नाही, नळीत तार घालतो नाहीतर वायरला टेप मारतो. इंधन संपलं तेव्हा वीसलोखला औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं, कपड्यांचे डाग काढायला वापरायचे ते, आणि हे दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून दाखवतात. चेन लोहाराकडून ठीक करून घेतली. लाकडी ब्रेकचे ठोकळे उतारावर झिजायला लागले तर चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं, म्हणजे ब्रेक लायनिंगच म्हणा की. चढावर गाडी दमली की मुलं उतरून ढकलायची. संध्याकाळी पोचल्यावर नवऱ्याला तार केली.

परत आल्यावर बेंझने चढासाठी एक जादा कमी वेगाचा गिअर टाकला, तो या प्रवासामुळेच. आज कुठलीही कंपनी गाडी बाजारात आणायच्या आधी घाटात, उन्हात, खड्ड्यात फिरवून बघते आणि मग बदल करते, ते काम या बाईने एका दिवसात केलं. गाडी बंद पडली तर वाटेतल्या माणसांच्या मदतीने परत चालू करता येते हे तिने दाखवलं, आणि माझ्या मते मोटारीचा शोध त्या दिवशी पुरा झाला.

एक नाव अजून घ्यायलाच हवं, व्हिएन्नाचा सिगफ्रिड मार्कुस. त्यानेही पेट्रोलवर चालणारं वाहन केलं होतं, त्याची गाडी व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये आहे. पूर्वी ती १८७५ ची मानायचे म्हणजे बेंझच्याही आधीची, नंतरच्या अभ्यासात ती १८८८-८९ च्या सुमाराची निघाली. पण तारीख ठरायच्या आधीच दुसरंच घडलं, मार्कुस ज्यू होता, म्हणून नाझींनी १९४० मध्ये ज्ञानकोशांच्या प्रकाशकांना कळवलं की मोटारीचे जनक म्हणून त्याचं नाव काढा आणि डाइमलर-बेंझ लिहा. बेंझचा मान त्याच्या कामाने मिळतो, त्याला या असल्या मदतीची गरज नव्हती, आणि मार्कुसचं नाव असं पुसणं हा त्या माणसावर अन्यायच होता.

शोध जर्मनीत लागला पण गाडीला गाडीचा आकार फ्रान्सने दिला. पॅरिसमध्ये पानार-लेव्हासोर कंपनीकडे डाइमलरच्या इंजिनाचे हक्क आले, ते आले लुईझ साराझँ या विधवा बाईंमुळे, नवऱ्याच्या मागे तिने डाइमलरशी व्यवहार टिकवला, पुढे तिने एमिल लेव्हासोरशी लग्न केलं. लेव्हासोरने १८९१ मध्ये इंजिन उचलून पुढे ठेवलं, त्यामागे क्लच, मग गिअरबॉक्स, आणि ताकद मागच्या चाकांना. माझ्याकडे कामाला येणारी अँबॅसडर, पद्मिनी, जीप, सगळ्यांची मांडणी हीच. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत लेव्हासोरने जवळजवळ ११८० किलोमीटर एकट्याने, ४९ तासांच्या आत, झोप न घेता चालवली. त्याच शर्यतीत मिशलाँ बंधूंनी हवेचे टायर लावून गाडी उतरवली, वाटेत पंक्चरवर पंक्चर, पोचले पण वेळेत नाही. बाकीचे भरीव रबरावर किंवा लोखंडी धावेवर होते. काही वर्षांत सगळे हवेच्या टायरवर आले.

१९०१ ची मर्सिडीज ही पुढची मोठी उडी. एमिल येलिनेक या व्यापाऱ्याने डाइमलर कंपनीकडे एकदम ३६ गाड्यांची ऑर्डर टाकली, अट अशी की गाडी बुटकी, लांब आणि ताकदीची पाहिजे आणि नाव त्याच्या मुलीचं. मायबाखने ३५ हॉर्सपॉवरची गाडी दिली, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर, दाबलेल्या स्टीलची चासी. त्याआधीच्या गाड्या म्हणजे घोडा काढलेली घोडागाडी वाटते, ही मोटार वाटते.

मग फोर्ड कुठे आला? फोर्डची स्वतःची पहिली गाडी जून १८९६ ची, डेट्रॉइटमध्ये घरामागच्या शेडमध्ये बनवली, आणि दारातून बाहेर निघेना म्हणून विटा फोडून काढावी लागली. म्हणजे बेंझच्या पेटंटनंतर दहा वर्षांनी. अमेरिकेत सुद्धा तो पहिला नाही, ड्युरिया बंधूंची गाडी १८९३ लाच फिरली होती. त्यामुळे फोर्डने मोटार शोधली असं लिहिणं साफ चूक आहे. त्याने जे केलं ते वेगळं आणि तितकंच मोठं. १ ऑक्टोबर १९०८ ला मॉडेल टी आली, ८५० डॉलरला, हलकं पण चिवट व्हॅनेडियम स्टील, वीस हॉर्सपॉवर, आणि शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता येईल असं साधं इंजिन. टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल खेचायला गाडीत पंप नव्हता, ते नुसतं उतारावर यायचं, म्हणून टाकीत पेट्रोल कमी असलं की खड्या चढावर लोक गाडी रिव्हर्समध्ये चढवायचे.

१९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात त्याने सरकती लाइन चालू केली, कामगार जागेवर, चासी पुढे सरकते. कल्पनेचं एक मूळ शिकागोच्या कत्तलखान्यात, तिथे जनावर टांगून पुढे सरकवत एकेकजण एकेक तुकडा काढायचा, इथे उलट एकेकजण एकेक पार्ट लावणार. एक चासी जोडायला आधी साडेबारा तास लागायचे, ते सहा-आठ महिन्यांत ९३ मिनिटांवर आले. काम मात्र इतकं कंटाळवाणं की माणसं टिकेनात, म्हणून जानेवारी १९१४ ला दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, जवळपास दुप्पट. १९२७ पर्यंत दीड कोटीवर मॉडेल टी बनल्या आणि किंमत तीनशे डॉलरच्या खाली आली होती. आणि ती फक्त काळीच मिळायची हे पण अर्धंच खरं आहे, पहिली काही वर्षं लाल, हिरव्या, राखाडी रंगात यायची, नुसतं काळं १९१४ नंतर झालं.

आता दुसरा प्रश्न, पेट्रोलच का. १९०० साली अमेरिकेत बनलेल्या चार हजारांवर गाड्यांत वाफेच्या १६८१, बॅटरीच्या १५७५ आणि पेट्रोलच्या फक्त ९३६ होत्या. ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो पण बॅटरीच्या गाडीने, कामीय येनात्सीने, एप्रिल १८९९ मध्ये. वाफेची गाडी गुळगुळीत पळायची पण सकाळी बॉयलर तापेपर्यंत थांबा, वाटेत पाणी भरा. बॅटरीची गाडी शहरात उत्तम, आवाज नाही, धूर नाही, पण शिशाच्या बॅटऱ्या जड, अंतर कमी आणि गावाबाहेर वीजच नाही. पेट्रोलचा डबा मात्र कुठल्याही दुकानात ठेवता येत होता, आणि एका डब्यात पुष्कळ अंतर जाता यायचं.

पेट्रोलची मोठी अडचण एकच होती, हँडल. इंजिन चालू करायला पुढून लोखंडी हँडल घालून हाताने फिरवायचं, आणि टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, जर रिटार्ड म्हणजे मागे केलेलं नसेल तर पिस्टन वर यायच्या आतच स्पार्क पडतो आणि इंजिन उलटं फिरतं, हँडल हाताला झटका देतं. हे मी अंगावर घेतलंय. सतरा वर्षांचा होतो, एका जुन्या जीपला हँडल मारत होतो, टायमिंग कुणीतरी आदल्या दिवशी पुढे करून ठेवलेलं, मी बघितलं नाही आणि अंगठा हँडलला वेढा घालून धरला होता. उलटा झटका आला तसा मनगटात कट्ट झालं, सहा आठवडे प्लास्टर. उस्तादांनी त्यानंतर धरायला शिकवलं, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला, मुठीत वेढा घालायचा नाही, आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही, म्हणजे झटका आला तर हँडल हातातून सुटून जातं. त्या काळात अशी मनगटं नि अंगठे मोडणं ही रोजची बाब होती, आणि कित्येकजण, विशेषतः ज्यांना हँडल मारायला ताकद पुरायची नाही ते, बॅटरीची गाडीच घ्यायचे.

हा प्रश्न चार्ल्स केटरिंगने सोडवला. आधी तो कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत होता, तिथे गल्ल्याचा ड्रॉवर उघडायला त्याने छोटी इलेक्ट्रिक मोटर लावली होती. तिथून त्याला माहीत होतं की मोटर फक्त क्षणभरच चालवायची असेल तर तिच्यावर नेहमीपेक्षा खूप जास्त लोड टाकता येतो, जळत नाही. बाकीचे लोक इंजिन फिरवायला मोठी मोटर हवी म्हणून अडले होते, याने छोटीच लावली, तीच मोटर नंतर उलटी बॅटरी चार्ज पण करायची. १९१२ च्या कॅडिलॅकला हा सेल्फ बसला. बॅटरीच्या गाडीची जी सगळ्यात मोठी सोय होती, बसा आणि निघा, ती आता पेट्रोलच्या गाडीत आली, तेही एका छोट्या बॅटरीच्या आणि मोटरच्या जोरावर, आणि पुढच्या दहा वर्षांत बॅटरीच्या गाड्या जवळपास बंद झाल्या. हँडल मात्र लगेच गेलं नाही, अडीअडचणीला म्हणून कंपन्या ते देतच राहिल्या, माझ्याकडे येणाऱ्या जुन्या अँबॅसडरला नि जीपला समोर त्याचं भोक असतं आणि बॅटरी उतरलेली असेल तर मी अजूनही ते वापरतो, आधी टायमिंग बघून.